पडद्याचा उजेड आणि खिशातली वीज

आरंभीच एक प्रश्न विचारतो. मोबाइल फोनच्या पडद्याचा उजेड निम्मा केला, तर फोनची बॅटरी दुप्पट वेळ टिकेल का?

उत्तराची घाई करू नका. "हो, टिकेल" असे म्हणणारे पुष्कळ निघतील. "छे, उजेडाने असा काय फरक पडणार?" असे म्हणणारेही काही निघतील. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. खरे उत्तर या दोहोंच्या मधे कोठेतरी आहे आणि ते शोधून काढण्यासाठी तुमच्या शालेय पुस्तकातले विज्ञान पुरेसे आहे. शक्ती आणि ऊर्जा यांचा संबंध, प्रकाशाचे परावर्तन आणि डोळ्याचा स्वभाव, एवढ्या तीन गोष्टी ठाऊक असल्या की झाले.

हा प्रश्न केवळ कोड्यापुरता नाही. गोंदिया शहराला लागून कुडवा हे गाव आहे. या सगळ्या पट्ट्याचे मुख्य पीक धान. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः बांधीवर जायचे, फोनवर पिकाची नोंद करायची आणि तेथेच उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायचे. मग ती नोंद सातबाऱ्यावर येते. पीकविमा, नुकसानभरपाई, धानाची विक्री अशा अनेक ठिकाणी ती कामी येते. घरात फोन चालवण्यात सर्वांत तरबेज कोण? बहुधा शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी! तेव्हा हे काम पुष्कळदा तुमच्याकडेच येते. बांधीवर गेले की दोन अडचणी एकदम उभ्या राहतात. उन्हात पडद्यावरचे काही दिसत नाही, म्हणून उजेड पूर्ण वाढवावा लागतो. आणि उजेड वाढवला की बॅटरी भराभर उतरते. दोन बांध्यांची नोंद व्हायची राहिली असतानाच फोन बंद पडला, तर घरी परत जाणे आणि पुन्हा येणे भाग पडते.

ही अडचण कशी टाळावी, ते आता पायरीपायरीने पाहू.

खिशात वीज किती?

पुष्कळ फोनांच्या बॅटरीवर ५,००० मिलिअँपिअर-तास असा आकडा असतो. मिलि म्हणजे हजारावा भाग, म्हणजेच हे ५ अँपिअर-तास झाले. बॅटरीचा सरासरी दाब सुमारे ३.८५ व्होल्ट असतो. अँपिअरला व्होल्टने गुणले की वॅट मिळतात, हे तुम्ही शिकला आहात. तेव्हा,

५ × ३.८५ = १९.२५ वॅट-तास.

सोयीसाठी आपण १९ वॅट-तास धरू. विजेच्या बिलावरचे एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास. याचाच अर्थ एका युनिटात असा फोन हिशेबाने बावन्न वेळा भरेल. चार्जरमध्ये काही वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते, ती वजा केली तरी चाळीस वेळा भरायला हरकत नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे पाहा. गोंदिया जिल्ह्यातच तिरोडा येथे ३,३०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक विद्युत् केंद्र आहे. ते पूर्ण क्षमतेने चालत असेल तर एका सेकंदात ३३० कोटी ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. आपल्या बॅटरीत १९.२५ × ३,६०० म्हणजे ६९,३०० ज्यूल मावतात. भागाकार करून पाहा: त्या केंद्राच्या एका सेकंदाच्या विजेत सत्तेचाळीस हजारांहून अधिक फोन भरतील!

तेव्हा हे ध्यानात घ्या की, फोनचा उजेड कमी करून घराचे वीजबिल फारसे कमी होत नाही. विजेचा तुटवडा देशात नसून तुमच्या खिशात आहे. बांधीवर सोबत नेता येते ती वीज एवढीच, १९ वॅट-तास. ती पुरवून वापरायची आहे.

ही वीज जाते कोठे?

बॅटरीला पाण्याची टाकी समजा. तिला अनेक तोट्या आहेत. एक तोटी पडद्याची. दुसरी गणन करणाऱ्या चिपची. तिसरी टॉवरशी बोलणाऱ्या रेडिओची, चौथी उपग्रहांवरून आपले ठिकाण ओळखणाऱ्या यंत्रणेची, पाचवी कॅमेऱ्याची. टाकी किती वेळ पुरेल हे सर्व तोट्यांमधून मिळून किती पाणी वाहते त्यावर अवलंबून आहे. आपले सूत्र अगदी सोपे आहे:

वेळ = बॅटरीतील ऊर्जा ÷ एकूण शक्ती

एक उदाहरण घेऊ. समजा पडदा पूर्ण उजळ असताना १.२ वॅट घेतो आणि वाचनासारखे हलके काम चालू असताना बाकीचा फोन ०.८ वॅट घेतो. (प्रत्येक फोनचे आकडे निराळे, हे हिशेबापुरते घेतले आहेत.) आता उजेड दर वेळी निम्मा करत जाऊ.

पूर्ण उजेड: १.२ + ०.८ = २.० वॅट, बॅटरी टिकेल ९ तास ३० मिनिटे.
निम्मा उजेड: ०.६ + ०.८ = १.४ वॅट, १३ तास ३४ मिनिटे.
पाव उजेड: ०.३ + ०.८ = १.१ वॅट, १७ तास १६ मिनिटे.
आठवा हिस्सा: ०.१५ + ०.८ = ०.९५ वॅट, २० तास.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले. उजेड निम्मा केल्यावर वेळ दुप्पट, म्हणजे १९ तास, झाला नाही. तो १३ तास ३४ मिनिटे झाला. कारण आपण एकच तोटी आवळली, बाकीच्या तशाच वाहत राहिल्या. आणखी एक गंमत पाहा. पहिल्यांदा उजेड निम्मा केला तेव्हा ४ तास ४ मिनिटे मिळाली, दुसऱ्यांदा ३ तास ४२ मिनिटे आणि तिसऱ्यांदा २ तास ४४ मिनिटे. लाभ कमी कमी होत चालला. पडदा पुरता विझवला तरी बाकीचे ०.८ वॅट राहतातच; तेव्हा २३ तास ४५ मिनिटांच्या पुढे या हिशेबात जाता येत नाही.

आता बांधीवर चला. तेथे कॅमेरा चालू आहे, उपग्रहांकडून ठिकाण घेणे चालू आहे, आणि टॉवर दूर असेल तर रेडिओला अधिक जोराने हाक मारावी लागते. समजा बाकीचा खर्च २.४ वॅट झाला. पूर्ण उजेडात एकूण ३.६ वॅट, म्हणजे ५ तास १७ मिनिटे. निम्म्या उजेडात ३.० वॅट, म्हणजे ६ तास २० मिनिटे. या वेळी फक्त तासाभराचा फायदा झाला. इतर तोट्या मोठ्या असतील तेव्हा पडद्याची तोटी आवळून मिळणारा लाभ लहान दिसतो. म्हणून ज्या तोटीची गरज नाही तीही बंद करा. चालत असताना पडदा बंद, नोंद झाली की कॅमेरा बंद.

डोळ्याचा हिशेब निराळा असतो

उजेड निम्मा केला तर डोळ्याला तो निम्मा भासतो का? नाही. अंधाऱ्या खोलीत एक पणती जळत असताना दुसरी लावा. फरक लगेच जाणवेल. पण वीस पणत्या जळत असताना एकविसावी लावली तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. दोन्ही वेळा भर पडली ती एकाच पणतीची! अर्न्स्ट वेबर आणि गुस्टाव फेख्नर या जर्मन शास्त्रज्ञांनी या गोष्टीचा अभ्यास केला आणि १८६० साली फेख्नर यांनी त्याचा नियम मांडला. ढोबळपणे तो असा सांगता येईल: डोळा उजेडातील वाढ बेरजेने मोजत नाही, तो ती पटीने मोजतो. एकाचे दोन होणे आणि शंभराचे दोनशे होणे, या दोन्ही पायऱ्या डोळ्याला जवळपास सारख्याच वाटतात.

डोळा असा नसता तर आपली पंचाईत झाली असती. पौर्णिमेच्या चांदण्यात जमिनीवर सुमारे पाव लक्स प्रकाश पडतो. वर्गात तो ३०० लक्सच्या आसपास असतो, झाडाच्या मोकळ्या सावलीत १०,००० लक्स, तर भर उन्हात १,००,००० लक्स. चांदणे आणि ऊन यांत सुमारे चार लाख पटींचा फरक आहे, तरी दोन्ही ठिकाणी आपल्याला वाट दिसते.

फोन बनवणाऱ्यांनी डोळ्याचा हा स्वभाव लक्षात घेतला आहे. २०१८ साली आलेल्या अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीत उजेडाची पट्टी डोळ्याच्या मापाने आखली गेली. पट्टी मध्यावर आणली म्हणजे पडदा निम्मे प्रकाश देतो असे समजू नका. प्रत्यक्षात तो निम्म्याहून बराच कमी असतो. यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. पट्टीचा वरच्या टोकाचा भाग सर्वांत महाग आहे. तेथून थोडे खाली आले की वॅट पुष्कळ वाचतात, आणि डोळ्याला मात्र फरक थोडाच जाणवतो. उलट पट्टीच्या खालच्या टोकाला डोळे ताणून वाचण्यात हाती फारसे काही लागत नाही.

कागद आणि पडदा

मग उजेड नेमका किती ठेवावा? त्यासाठी वहीचे कोरे पान ही उत्तम कसोटी आहे. फोनवर पांढरे पान उघडा आणि शेजारी वही धरा. फोनचे पान दिव्यासारखे झगझगत असेल तर उजेड जास्त आहे. ते मळकट, करडे दिसत असेल तर कमी आहे. दोन्ही सारखे दिसले की समजा, उजेड योग्य आहे.

याचे गणितही करता येते. पृष्ठभागाची तेजस्विता निट या एककात मोजतात. एक चौरस मीटर पृष्ठभागाने एक कँडेला दिला तर ती एक निट. पांढरा कागद पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ८० टक्के प्रकाश परत फेकतो, आणि तो सर्व दिशांना पसरतो. अशा पृष्ठभागासाठी सूत्र असे:

तेजस्विता = लक्स × परावर्तनाचा हिस्सा ÷ ३.१४

वर्गात ३०० लक्स असताना कागदाची तेजस्विता ३०० × ०.८ ÷ ३.१४, म्हणजे सुमारे ७६ निट येते. एखाद्या फोनचा पडदा जास्तीत जास्त ५०० निट देत असेल, तर वर्गात त्याला जेमतेम १५ टक्के प्रकाश पुरतो! मग वर्गात पूर्ण उजेड ठेवणे म्हणजे बांधी भरली असता पंप चालूच ठेवण्यासारखे आहे.

पण तोच कागद झाडाच्या सावलीत नेला की त्याची तेजस्विता २,५०० निटांवर जाते. भर उन्हात ती २५,००० निटांच्या घरात पोचते. आपल्या फोनचे सारे बळ ५०० निटांचे. तो या शर्यतीत टिकणार कसा? पुस्तक उन्हात अधिकच स्वच्छ दिसते, फोन मात्र काळवंडतो, याचे कारण हेच. कागद सूर्याचा प्रकाश फुकट वापरतो. पडद्याला आपला प्रकाश खिशातल्या विजेतून काढावा लागतो. गणकयंत्राचा साधा करडा पडदाही कागदाप्रमाणे बाहेरचाच प्रकाश परत फेकतो, म्हणून एका लहानशा घटावर ते वर्षानुवर्षे चालते.

पडद्याच्या आत काय आहे?

फोनचे पडदे मुख्यतः दोन जातींचे असतात.

पहिली जात द्रव-स्फटिक पडद्याची, म्हणजे एलसीडीची. यात मागच्या बाजूला पांढरे एलईडी दिवे सतत जळत असतात. पुढे द्रव-स्फटिकाचा पातळ थर दोन ध्रुवक पत्र्यांच्या मधे असतो. तो दारासारखे काम करतो. विजेच्या दाबाप्रमाणे प्रकाशाला वाट देतो किंवा अडवतो. द्रव-स्फटिकांचा शोध १८८८ साली फ्रीडरिश रायनित्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला लागला. या विद्येत विदर्भाशी नाते असलेल्या एका शास्त्रज्ञाचे मोठे नाव आहे. शिवरामकृष्ण चंद्रशेखर (१९३०–२००४) यांनी १९५१ साली नागपूर विद्यापीठातून भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली. पुढे बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेत १९७७ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चकतीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रव-स्फटिक बनतात हे दाखवून दिले. तोवर फक्त काडीसारखे लांबट रेणूच माहीत होते. असेच चकतीसारखे रेणू असलेला पातळ पापुद्रा पुढे पडद्यांवर वापरात आला. त्यामुळे पडदा बाजूने पाहिला तरी चित्र नीट दिसू लागले. (ताऱ्यांवरील संशोधनासाठी नोबेल मिळवणारे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर ते वेगळे.)

या पडद्याची एक खोड आहे. पहिला ध्रुवक निम्मा प्रकाश गिळतो. लाल, हिरवे आणि निळे गाळणे उरलेल्यातून जवळजवळ दोन तृतीयांश गिळते. आणखीही काही गळती होते. शेवटी मागच्या दिव्यांचा जेमतेम ५ ते १० टक्के प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. शिवाय पडद्यावर काळे चित्र असले तरी मागचे दिवे जळतच राहतात.

दुसरी जात ओएलईडी पडद्याची. यात प्रत्येक ठिपका म्हणजे स्वतःच एक इवलासा दिवा असतो. विजेने प्रकाश देणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचा असा कार्यक्षम दिवा चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ साली प्रसिद्ध केला. येथे काळा ठिपका म्हणजे विझलेला दिवा. म्हणून काळ्या पार्श्वभूमीचे पान दाखवताना या पडद्याची वीज वाचते.

पण किती वाचते? अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ साली हे मोजून पाहिले. उजेड पूर्ण असताना पांढऱ्याऐवजी काळी पार्श्वभूमी घेतली तर सरासरी ३९ ते ४७ टक्के वीज वाचली. मात्र उजेड ३० ते ५० टक्के असताना ही बचत केवळ ३ ते ९ टक्के निघाली. आपल्या तोट्यांच्या हिशेबाशी हे जुळते की नाही? तोटी आधीच आवळलेली असेल तर ती आणखी आवळून वाचणार ते किती!

उन्हात काय करावे?

उन्हात पडदा न दिसण्याचे आणखी एक कारण आहे. पडद्याची काच आरशासारखे काम करते. समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के ती परत फेकते. हा आकडा लहान वाटतो, पण परिणाम पाहा. समजा पडद्यात आकाशाचा ६,००० निटांचा उजळ भाग दिसतो आहे. त्याचे ४ टक्के म्हणजे २४० निट. पडद्याची स्वतःची तेजस्विता ४०० निट धरली, तर पांढरा भाग ६४० निटांचा दिसेल आणि काळी अक्षरे २४० निटांची. दोहोंचे प्रमाण अवघे २.७! अक्षरे धुवून निघाल्यासारखी दिसणारच.

अशा वेळी पुष्कळ जण पट्टी आणखी वर ओढतात. त्यापेक्षा आरशातले प्रतिबिंब बदला. सूर्याकडे पाठ करून उभे राहा, म्हणजे तुमची सावली फोनवर पडेल आणि पडद्यात तुमचाच सदरा दिसू लागेल. सदऱ्याच्या सावलीतल्या बाजूवर १०,००० लक्स पडत असतील, तर पांढऱ्या सदऱ्याची तेजस्विता सुमारे २,५०० निट येते आणि त्याचे प्रतिबिंब १०० निटांचे. सदरा गडद निळा असेल आणि तो ५ टक्केच प्रकाश परत फेकत असेल, तर त्याची तेजस्विता १६० निटांच्या आसपास. प्रतिबिंब ६ निटांचे! आता पांढरा भाग ४०६, काळा भाग ६, प्रमाण सुमारे ६८. पट्टीला हात न लावता अक्षरे पुन्हा ठसठशीत दिसू लागली. पांढरा सदरा असेल तर गळ्यात गडद दुपट्टा घ्या, काम भागेल.

मात्र ही युक्ती सकाळी आणि तिसऱ्या प्रहरी चालते. कुडवा साधारण साडेएकवीस अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. तेथे मे महिन्याच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास सूर्य माध्यान्ही अगदी डोक्यावर येतो आणि स्वतःची सावली पायाखाली जाते. पुढे ऑगस्टमध्येही भर दुपारी ती आखूडच असते. अशा वेळी झाडाखाली जावे, छत्री उघडावी, नाहीतर काम सकाळवर ठेवावे.

उष्णता हा दुसरा शत्रू

फोनमधील बॅटरी लिथियम-आयन जातीची असते. तिच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही बॅटरी भरताना आणि रिकामी होताना लिथियमचे आयन एका अग्राकडून दुसऱ्याकडे ये-जा करतात. याबरोबरच काही अनिष्ट रासायनिक क्रियाही हळूहळू चालू असतात आणि त्या बॅटरीची धारणशक्ती कमी करतात. तापमान वाढले की रासायनिक क्रियांचा वेग वाढतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच.

विदर्भात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याच्याही वर चढतो. त्यात वरून ऊन, आतून पूर्ण उजळलेल्या पडद्याची उष्णता. फोन फार तापला की तो स्वतःच पडदा मंद करतो. तो बिघडला असे समजू नका. तो स्वतःचे रक्षण करत असतो. अशा वेळी फोन सावलीत ठेवून निवू द्यावा. तापलेल्या अवस्थेत तो चार्जरला लावू नये. फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नये. आत दव साचते.

अशा अनेक बॅटऱ्या ५०० ते १,००० वेळा पूर्ण भरून रिकाम्या झाल्या की त्यांची क्षमता मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. ८०० फेऱ्या धरा. रोज एक पूर्ण फेरी झाली तर त्या दोन वर्षे दोन महिन्यांत संपतील. उजेड बेताचा ठेवून रोजचा खर्च पाऊण फेरीवर आणला, तर त्याच फेऱ्या दोन वर्षे अकरा महिने पुरतील. ज्या घरात एकच फोन सर्वांमध्ये वापरला जातो, त्या घराला हे नऊ महिने मोलाचे आहेत.

करून पाहा

प्रयोग १. आपला पडदा कोणत्या जातीचा? रात्री खोलीत पूर्ण अंधार करा आणि पडद्यावर पूर्ण काळे चित्र लावा. उजेड वाढवा. काळा भाग धुरकट चमकत असेल तर पडदा एलसीडी आहे. काहीच दिसत नसेल, पडदा अंधारात मिसळून गेला असेल, तर तो ओएलईडी आहे.

प्रयोग २. फोनचा डोळा शोधा. 'आपोआप उजेड' चालू करा. पडद्याच्या वरच्या भागावर निरनिराळ्या ठिकाणी अंगठा ठेवून थोडे थांबा. एका जागी ठेवल्यावर पडदा हळूहळू मंद होईल. तेथे प्रकाश मोजणारा संवेदक आहे. काही फोनांत तो पडद्याखाली दडवलेला असतो.

प्रयोग ३. पडद्याचा वाटा मोजा. घरच्यांची परवानगी घ्या. फोन ८० टक्के भरलेला असताना फ्लाइट मोड लावा, आपोआप उजेड बंद करा, पांढरे पान उघडा आणि पडदा आपोआप विझणार नाही अशी व्यवस्था करा. पूर्ण उजेडावर एक तास ठेवा. टक्के किती उतरले ते लिहा. पुन्हा ८० टक्के भरा आणि पट्टी मध्यावर ठेवून तेच करा. तिसऱ्यांदा पट्टी अगदी खाली ठेवा. फोन तिन्ही वेळा सावलीतच असावा. टक्क्यांचा आकडा अंदाजी असतो, म्हणून दहा-पंधरा मिनिटांच्या मोजणीवर विसंबू नका.

शिक्षकांनी वर्गातील निरनिराळ्या फोनांचे आकडे फळ्यावर मांडून घ्यावेत. पट्टीचे स्थान आडव्या अक्षावर आणि उतरलेले टक्के उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढला, तर तो सरळ रेषा येतो की वर जाताना वाकतो, यावर चांगली चर्चा होईल.

एक सूचना: फुगलेली बॅटरी कधीही दाबू नये, टोचू नये किंवा उघडू नये. ती जाणकाराकडेच द्यावी.

स्वाध्याय

१. एका फोनची बॅटरी ४,००० मिलिअँपिअर-तास आणि ३.८५ व्होल्टची आहे. पूर्ण उजेडात तासाला १० टक्के आणि अगदी मंद उजेडात तासाला ६ टक्के वीज उतरते. दोन्ही वेळची शक्ती वॅटमध्ये काढा. बॅटरी किती वेळ पुरेल?

२. वाचनालयात टेबलावर ५०० लक्स प्रकाश आहे. ४५० निटांचा पडदा तेथल्या पांढऱ्या कागदाइतका दिसण्यासाठी किती टक्के प्रकाशावर ठेवावा लागेल?

३. तुमच्या मैत्रिणीच्या फोनचा पडदा एलसीडी जातीचा आहे. बॅटरी वाचावी म्हणून तिने काळी पार्श्वभूमी लावली, पण पट्टी पूर्ण वरच ठेवली. तिला काय सांगाल, आणि का?

उत्तरे: १. १.५४ वॅट आणि ०.९२ वॅट, १० तास आणि १६ तास ४० मिनिटे. २. सुमारे २८ टक्के. तिसऱ्याचे उत्तर या लेखातच आहे. ते स्वतःच्या शब्दांत लिहून काढा.